शेवटची लढाई कुणी जिंकली?

१

नळदुर्गच्या हायवेला चोऱ्या नव्या नाहीत. ट्रकची ताडपत्री जाते, स्टेपनी जाते, एकदा तर उभ्या ट्रकमधून अख्खा ड्रायव्हरच गेला होता आणि तीन दिवसांनी सासुरवाडीत सापडला होता. पण लढाई चोरीला गेल्याची फिर्याद शामलाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकली, आणि तीही रविवारी सकाळी, पहिला चहा अर्धा प्यायलेला असताना.

"काय गेलं म्हणालीस?"

"लढाई, काकू. शेवटची लढाई. कुणीतरी जिंकून टाकली!"

शामलाबाईंनी कप खाली ठेवला. तेहतीस वर्षं त्या कोर्टात पेशकार होत्या. साक्षीदार येतात, शपथ घेतात आणि लगेच खोटं बोलायला लागतात, हे त्यांनी न्यायाधीशांच्या पायाशी बसून इतक्यांदा पाहिलं होतं की निवृत्तीनंतर त्यांना माणसांपेक्षा टीव्हीवरच्या मालिका जास्त खऱ्या वाटत. मागच्या दोन वर्षांत एकही धड खोटं त्यांच्या कानावर आलं नव्हतं, त्यामुळे जिभेला गंज चढल्यासारखं झालं होतं.

"बस. पहिल्यापासून सांग. आणि 'बहुतेक' हा शब्द माझ्यापुढं वापरायचा नाही."

सोनाली बसली. हायवेवरचा बलभीमअण्णांचा ढाबा शामलाबाईंच्या घरापुढंच होता. सोनाली बलभीमअण्णांची थोरली, सव्वीस वर्षांची. सहा फुटी ड्रायव्हर तिच्या एका नजरेनं ताटात उरलेला भात संपवत. आज मात्र तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिनं टेबलावर एक यंत्र ठेवलं. तळहातावर मावणारं, पुस्तकासारखं उघडणारं, आत वर-खाली दोन पडदे. ती आठवीत असताना मामानं हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणलेलं. आत एकच खेळ आणि त्यातलं अक्षर न् अक्षर जपानी. झाकणावर पांढऱ्या केसांची बाई घोड्यावर बसलेली, म्हणून सोनाली आणि तिची मैत्रीण अक्षरा यांनी खेळाचं बारसं केलं होतं पांढरी राणी.

"बुद्धिबळासारखं असतंय काकू. जमिनीला चौकटी. आपली बारा माणसं. एकदा आपण हलवायचं, एकदा त्यांनी. पण बुद्धिबळातलं प्यादं दुसऱ्या डावात परत येतंय. हितं मेलं माणूस की कायमचं मेलं."

"आणि लढाई हरलात तर?"

"मग तीच लढाई पहिल्यापासून. पण जिंकली की पुढं. मागं यायला वाटच न्हाई."

"मग जिंकलीस ना? रडतेस कशाला?"

"मी न्हाई जिंकले, तेच तर सांगालेय!"

हळूहळू सगळं बाहेर आलं. बारावीच्या दिवाळीत अक्षरा मामाकडं गेली असताना सोनालीला दम निघाला नव्हता. तिनं एकटीनं पुलावरची लढाई मारली आणि त्यात अक्षराचा लाडका तिरंदाज मेला. अक्षरानं दिवाळीपासून होळीपर्यंत अबोला धरला होता, तोही एकाच बाकावर बसून. मग दोघींनी तुळजापूरला जाऊन आईसमोर शपथ घेतली की एकीशिवाय दुसरीनं खेळायचं नाही. तीन वर्षांपूर्वी अक्षरा जपानला गेली, तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात काम करायला. जायच्या आधी दोघींनी शेवटच्या लढाईला सात वेळा तोंड दिलं आणि सातही वेळा सपाटून मार खाल्ला. तेव्हा ठरलं होतं, तू आलीस की आठव्यांदा.

"आणि ती येणार कधी?"

"आज. चारच्या सोलापूर गाडीनं." सोनालीनं ओढणीनं नाक पुसलं. "आईवडील धाराशिवला राहायला गेलेत, पण म्हणली आधी तुझ्याकडं उतरणार. काकू, एकदा माफ केलंय तिनं मला. दुसऱ्यांदा कोण करतंय? ती काय बोलणार न्हाई, निस्ती हसंल आन् पुढच्या गाडीनं धाराशिवला जाईल. मला तिच्यासारखी दुसरी न्हाई वो कुणी."

शामलाबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. साडेनऊ झाले होते. त्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला आणि चष्मा शोधायला लागल्या.

२

जिंकलेल्या माणसाला खेळ एक चित्र बक्षीस देत होता. वरच्या पडद्यावर शेवटच्या क्षणाची रणभूमी, जो जिथं उभा होता तो तिथं. खालच्या पडद्यावर आकडे. अक्षरं जपानी असली तरी आकडे नेहमीचे इंग्रजी होते.

"हे चौसष्ट काय?"

"चाली. आन् हे एकूण खेळलेला वेळ. दोनशे चौदा तास पन्नास मिनिटं."

"आधी किती होता?"

"दोनशे अकरा, चाळीस. अक्षरा गेली त्या दिवशी आमी कॅलेंडरवर लिहून ठिवलाय."

म्हणजे चोरानं तीन तास दहा मिनिटं बसून चोरी केली होती. शामलाबाईंना चोराबद्दल थोडा आदरच वाटला.

आता यंत्र कुठं कुठं फिरलं ते बघायचं. चार्जिंगची पिन सैल झाली म्हणून सोनालीनं ते शुक्रवारी संध्याकाळी रस्त्यापलीकडच्या गुरुलिंगच्या मोबाईल दुकानात दिलं होतं. शनिवारी सकाळी दहाला ती अक्षरासाठी खरेदीला सोलापूरला गेली, सातला परत आली. बलभीमअण्णा उमरग्याला लग्नाला. ढाबा दुपारी बंद. यंत्र मधल्या वेळात ढाब्यावर आलं होतं आणि आज सकाळी तिनं ते उघडलं तर पांढरी राणी जिंकून हसत उभी होती.

गुरुलिंग दुकानात एका फोनचं पोट उघडून बसला होता. तिशीचा, गोलमटोल, बोलायला तयार.

"मी खेळलो? अहो मावशी, शुक्रवारी त्यात दिवाच लागत न्हवता. पिन सोलापूरची, शनिवारच्या अकराच्या गाडीनं आली. साडेअकराला टाका मारला, चालू झालं बघितलं आन् बाराला स्वतः ढाब्यावर नेऊन भाकरीवाल्या धुरपदाबाईंच्या हातात दिलं. गाडीवाल्या कंडक्टरला विचारा पाहिजे तर."

"बाराच्या पुढं?"

"बाराच्या पुढं हितंच. संध्याकाळपर्यंत अकरा फोन आले, अकरा माणसं साक्षीला हायती."

शामलाबाईंनी मान हलवली. इतके साक्षीदार फुकट देणारा माणूस सहसा खरं बोलतो. त्यांनी चित्र त्याच्यापुढं धरलं. "तुला असल्या खेळातलं कळतं ना? मग हे बघ आणि सांग."

गुरुलिंगनं चित्र पाहिलं. मग डोळ्यांजवळ नेलं. मग त्याचं बोलणंच थांबलं, आणि हे नळदुर्गात कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"मावशी," तो शेवटी म्हणाला, "हा डाव अडाण्याचा न्हाई. आन् शहाण्याचाबी न्हाई."

३

"म्हणजे कसं?"

"हे बघा. मधोमध राक्षस. त्याची खोड काय, तो धावत येऊन मारतो. जेवढी लांबून धाव, तेवढा मोठा मार. आमी खेळणारी माणसं काय करणार? ज्याच्यात जास्त जोर त्याला पुढं घालणार, दहा-बारा चालींत निकाल. चार माणसं मरतील, मरू द्या. हितं मात्र त्याच्या चारी अंगाला चार माणसं चिकटून उभी केलीत. धावायला जागाच न्हाई. जागेवर बसून तो म्हातारा झाला. लांबून राणी आन् तिघं तिरंदाज त्याला टोचत राहिले, चौसष्ट चाली. आपलं एकही माणूस मेलं न्हाई. मला हे आयुष्यात सुचलं नसतं."

"मग हा शहाण्याचा डाव नाही का?"

"आता ही मागची चार बघा." त्यानं स्क्रू काढायच्या टोकानं दाखवलं. राक्षसाला चिकटलेल्या चौघांच्या पाठीशी आणखी चौघं, एकामागं एक. "ही चार माणसं फुकट उभी केलीत. ह्यातला स्वयंपाकी, ही वैदीण, ह्यांना तर मारताच येत न्हाई. राक्षस काय पुढच्याच्या डोक्यावरनं उडी मारणार हाय? ह्या खेळात उडीच न्हाई. एवढं डोकं चालवणारा माणूस चार माणसं वाया का घालवील?"

शामलाबाईंनी ते वहीत लिहून घेतलं. त्यांच्या अनुभवात खोटं बोलणारा माणूस नेहमी एक गोष्ट जास्तीची सांगतो, आणि तिथंच सापडतो. ह्या चोरानं चार माणसं जास्तीची उभी केली होती.

परत येताना ढाब्याच्या अंगणात सोनालीचा भाऊ रणधीर बाईक पुसत होता. वय बावीस, मिशी नवीन. त्यानं उजव्या हाताला फडकं गुंडाळलं होतं.

"काल कुठं होतास रे?"

"धाराशिवपलीकडच्या वाशीला, काकू. अक्षराताईला गुलाबजाम आवडतात ना, खवा आणायला गेलतो. दहाला निघालो, पाचला आलो."

"एवढ्या लांब? भला भाऊ मिळाला हो सोनालीला. आणि अंगठ्याला काय झालं?"

"बाईकला किक मारताना पेडल उलटं आलं."

शामलाबाई बाईकच्या भोवती एक चक्कर मारून आल्या. "पेडलवर तुझा अंगठा काय करत होता ते राहू दे. ह्या गाडीला किक आहेच कुठं? ही तर बटणावर चालू होते."

रणधीरनं गाडीकडं असं पाहिलं की जणू तिनंच दगा दिला. मग त्याची जी पाचावर धारण बसली, ती बघून शामलाबाईंना दोन वर्षांत पहिल्यांदा बरं वाटलं. खोटं होतं, ताजं होतं आणि अगदी घरचं होतं.

"काकू, ताईला सांगू नका," तो कुजबुजला. "वाशीला गेलोच न्हाई."

"मग दहा ते पाच कुठं होतास?"

४

"अणदूरला. क्रिकेटची फायनल होती." त्यानं फडकं सोडलं. अंगठा वांग्याएवढा आणि वांग्याच्याच रंगाचा झाला होता. "दुसऱ्याच ओव्हरला कॅच घेताना लागला. खवा तिथल्याच दुकानातनं घेतला. ताई तर म्हणली, वाशीच्या खव्याची गोष्टच वेगळी!"

ह्या अंगठ्यानं तीन तास बटणं दाबणं सोडा, शर्टाचं बटण लावणं मुश्कील होतं. रणधीर सुटला. पण सुटलेला माणूस मोकळेपणानं बोलतो, म्हणून शामलाबाई तिथंच उभ्या राहिल्या.

"आल्यावर ढाब्यात काही वेगळं दिसलं?"

"वेगळं म्हंजे... सहाला ढाबा उघडला तर भाकरीचं पीठसुद्धा मळलेलं न्हवतं. धुरपदाबाईंच्या हातनं असं कधी होत न्हाई. पहिल्या दोन ट्रकवाल्यांना भातावर काढलं."

धुरपदाबाई ढाब्याच्या चुलीपाशी बसलेल्या होत्या. साठी उलटलेली, हात मात्र पंचविशीचे. अठरा वर्षं त्या ह्या ढाब्यावर भाकरी थापत होत्या. शाळा सुटल्यावर सोनाली आणि अक्षरा यायच्या त्या त्यांच्याच शेजारी, चुलीच्या उबेला, यंत्र मांडीवर घेऊन. यंत्र ठेवायची जागाही तीच, पिठाच्या डब्याशेजारची फळी.

"धुरपदाबाई, काल दुपारी इथं कोण कोण आलं?"

"कुनी बी न्हाय, बाई. गुरुलिंगानं त्यो डबा दिला, म्या फळीवर ठिवला. मग कुनी आलं न्हाय, कुनी गेलं न्हाय."

"आणि तुम्ही काय करत होतात?"

"म्या? मला डोळा लागला." त्यांनी भाकरी उलटली. "त्या यंत्रातलं मला काय कळतंय? मला सहीबी येत न्हाय. ल्हानपनी किल्ल्याच्या अंगाला शेरडं राखलेली बाई म्या."

शामलाबाई बाहेर आल्या आणि झाडाखालच्या बाजेवर बसल्या. सोनाली शेजारी येऊन उभी राहिली. बारा वाजून गेले होते.

"गुरुलिंग न्हाई, रणधीर न्हाई, आन् बाहेरचं कुणी आलं न्हाई. मग भुतानं खेळलं का काकू?"

"शेंगा आण थोड्या. आणि एक बटाटा."

"भूक लागली का?"

"डोक्याला लागली आहे, पोटाला नाही. आण."

बाजेशेजारच्या फरशीवर सोनालीनं चित्रातली रणभूमी मांडली. मधे बटाटा, त्याला चिकटून चार शेंगा, त्यांच्या पाठीशी चार शेंगा. शामलाबाईंनी मागची एक शेंग उचलली आणि तोंडात टाकली. आता त्या बाजूला एकच शेंग उरली आणि तिच्यामागं मोकळी जागा. बटाट्याला उडी मारता येत नाही, असं गुरुलिंग म्हणाला होता. पण समजा, खेळणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. समजा, त्याच्या आयुष्यात ज्या ज्या वेळी असा बटाटा मधे बसला होता, त्या त्या वेळी तो समोरच्याच्या डोक्यावरून उडी मारत आला होता.

शामलाबाईंच्या डोळ्यांपुढं तुळजापूरची गल्ली आली. कोरलेल्या फरशीवर खडे मांडून बसलेले पोक्त पुरुष, आणि शेजारी फ्रॉकमधली नऊ वर्षांची शामला, जी प्रत्येक वेळी हरायची.

"अगं बाई," त्या उठत म्हणाल्या, "काखेत कळसा आणि आपण हायवे पालथा घातला. कोळसा आहे का?"

५

चुलीपुढच्या फरशीवर शामलाबाईंनी कोळशानं रेघा ओढल्या. उभ्या, आडव्या, तिरक्या. जिथं रेघा मिळतात तिथं गोटी ठेवायची. धुरपदाबाई भाकरी थापता थापता बघत होत्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या भाकरीचा काठ वाकडा गेला.

"वाघ-बकरी," शामलाबाई म्हणाल्या. "वाघ माझा, बकऱ्या तुमच्या. या."

"आता? तवा तापलाय, बाई."

"तवा सोनाली बघेल."

सोनाली भाकरी थापायला बसली. त्या भाकऱ्यांबद्दल न बोललेलं बरं.

खेळ सगळ्यांना ठाऊक असतो, तरी सांगायला हवा. वाघ ताकदीचा, बकरीच्या पलीकडं जागा मोकळी असेल तर तो तिच्यावरून उडी मारतो आणि बकरी गेली. बकऱ्यांना मारता येत नाही. त्यांनी एवढंच करायचं, मिळून त्याला कोंडायचं. शामलाबाईंनी वाघ फिरवला, घाबरवला, फसवायला बघितलं. धुरपदाबाई एकेक खडा पुढं सारत होत्या आणि प्रत्येक खड्यामागं न बघता दुसरा खडा ठेवत होत्या. वीस मिनिटांत वाघ कोपऱ्यात मुकाट बसला. बकरी एकही गेली नव्हती.

"पाठीला पाठ लावता हो तुम्ही," शामलाबाई म्हणाल्या.

"लावावीच लागती. एकटी बकरी दिसली की त्यो उडी मारतोच."

"ह्या खेळात मारतो. त्या डब्यातल्या खेळात मारत नाही."

सोनालीचा हात पिठातच राहिला.

"काकू, कायतरीच! धुरपदाबाईंना वाचता येत न्हाई."

"आणि तुला येतं? त्या पडद्यापुढं अक्षरा सोडून आपण सगळेच अंगठेबहाद्दर. तुम्ही दोघी अंदाजानं बटणं शिकलात, तशी त्यांनी तुमच्याकडं बघून शिकली. पाच वाजेपर्यंत ढाब्यात एकच माणूस होतं. ते म्हणतं मला झोप लागली, आणि तेच म्हणतं कुणी आलं नाही. झोपलेल्या माणसाला कुणी आलं नाही हे कसं कळतं? आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा पीठ मळायचं राहिलं. धुरपदाबाई, मी चुकते आहे का?"

धुरपदाबाईंनी पदर कपाळावर ओढला. "हिरवं दाबलं की व्हय, तांबडं दाबलं की न्हाय. त्यात काय शिकायचं?"

"धुरपदाबाई!"

"पोरी, तसं न्हवतं माझ्या मनात. गुरुलिंगानं डबा चालूच दिला. बघते तर ती बारा मान्सं तशीच हुबी. तीन वर्सं झाली, तशीच हुबी! तुमी सात टायम हारलाव तवा म्या हितं बसून बगत हुते. त्यो मुडदा धावला की मारतो, बसल्या जागी मारत न्हाय, हे म्या चवथ्या टायमालाच वळखलं हुतं. पर मला कुनी इचारलं का? म्हनलं, एक बकरी पुढं सारून बगावी. मग दुसरी सारली. मग उठवंच ना."

"पण जिंकलात कशाला?"

"मला काय ठावं, जिकल्यावर संपतंय म्हून! तुमी हारलाव की लढाई परत यायची. म्हनलं, जिकल्यावरबी येत आसंल."

सोनालीला रागवायचं होतं. तिनं त्यासाठी तोंडही उघडलं. पण मनात सारखं हेच येत होतं की ज्या राक्षसापुढं आपण दोघींनी सात वेळा लोळण घेतली, त्याला ह्या बाईनं भाकरीच्या वेळेत गप्प बसवला. तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले, कारण अक्षराला हे सांगितलं तर खरं कोण मानणार?

"माझं नाव सांग तिला," धुरपदाबाई म्हणाल्या. "तिनं शिव्या दिल्या तर म्या खाईन."

"साक्ष मी देईन," शामलाबाई म्हणाल्या. पण त्यांनाही ठाऊक होतं, मैत्रिणींच्या कोर्टात पुरावा चालत नाही.

बोलता बोलता, दुपारची गिऱ्हाइकं उरकता उरकता चार वाजत आले होते. बाहेर हायवेवर लाल गाडीनं ब्रेक दाबला.

६

अक्षरा उतरली ती सोनालीच्या गळ्यातच पडली. तीन वर्षांत ती बारीक झाली होती, केस कापले होते, आणि सारखी कमरेत वाकून नमस्कार करत होती. रणधीरला वाकली, गुरुलिंगला वाकली, चुकून पाण्याच्या टाकीलाही वाकली असती. पण सोनाली मात्र लाकडासारखी ताठ उभी होती.

"काय झालं गं?"

सोनालीनं पाण्याचा तांब्यासुद्धा दिला नाही. यंत्रच दिलं. "आधी हे बघ. मग थांबायचं का धाराशिवला जायचं ते ठरव. मी न्हाई खेळले, अक्षू. आईची शपथ न्हाई खेळले."

आणि मग एका दमात तिनं सगळं सांगितलं, पिनेपासून पिठापर्यंत. धुरपदाबाई चुलीपाशी उभ्या राहिल्या होत्या, कधी नव्हे ते हात रिकामे घेऊन. शामलाबाईंनी अक्षराच्या चेहऱ्यावरची नजर हलवली नाही. ती त्यांची जुनी खोड होती.

अक्षरा चित्राकडं बघत होती. राग नव्हता. ह्या मुलीच्या चेहऱ्यावर हळूहळू जे चढत होतं ते नवल होतं.

"सगळे जिवंत?" ती म्हणाली. "बाराच्या बारा? असं होऊ शकतं? माझ्या वेळी तर सहा..."

आणि ती थांबली.

"थांबू नकोस," शामलाबाई मायेनं म्हणाल्या. "तुझ्या वेळी म्हणजे कोणत्या वेळी?"

अक्षराचे कान लाल झाले. मग ती बाजेवर मटकन बसली, पिशवी उघडली, आणि आतून एक डबी काढून सोनालीच्या हातात दिली. झाकणावर तीच पांढरी राणी.

"तिथं पहिल्याच हिवाळ्यात एका दुकानात हाच खेळ दिसला," ती म्हणाली. "मी फक्त नवीन डाव सुरू करून बघणार होते. म्हटलं, आता वाचता येतं, एकदा सगळं वाचू तरी. वाचत वाचत शेवटपर्यंत गेले, सोने. दोन वर्षांपूर्वीच. सहा माणसं गमावून जिंकले. दर रविवारी फोन करताना वाटायचं आज सांगावं. तू विचारायचीस, कधी येतेस, आपली लढाई राहिलीय, की माझी जीभच उचलायची नाही. विमानात झोप नाही आली मला. वाटलं, ही मला गाडीतून उतरूच देणार नाही."

सोनाली तिच्याकडं बघत राहिली. सकाळपासून ती ज्या मुलीला घाबरून जीव मुठीत धरून बसली होती, ती मुलगी दोन वर्षं तिलाच घाबरत होती.

"बारावीला मी अर्धं वर्ष अबोला धरला होता तुझ्याशी," अक्षरा म्हणाली. "आता तुझी पाळी. जेवढा धरायचा तेवढा धर."

"कशाला धरू?" सोनाली म्हणाली. "तीन वर्सं तर गेलीच की." आणि तिनं अक्षराला असं कवटाळलं की पिशवीतली जपानी मिठाई चुरली. रणधीरनं शिट्टी मारली. गुरुलिंगनं उगाचच डोळे पुसले. आणि धुरपदाबाईंनी तवा चढवला, कारण माणसं रडायला लागली की त्यांना जेवायला घालावं असं त्यांचं मत होतं.

भाकरी-पिठलं झाल्यावर अक्षरानं यंत्र हातात घेतलं. "पुसून टाकू का हे? नवीन डाव?"

सोनालीनं चित्राकडं शेवटचं पाहिलं. गुरुलिंगनं त्याचा फोटो आधीच काढून घेतला होता, दुकानात लावायला. "पुसून टाक."

चौघी चुलीपुढं दाटीवाटीनं बसल्या. पांढरी राणी घोड्यावरून आली आणि खाली दोन ओळी उमटल्या. खेळ लावताना दर वेळी येणाऱ्या ह्या ओळी सोनालीनं आजवर शेकडो वेळा पाहिल्या होत्या आणि न वाचता हिरवं बटण दाबलं होतं.

"काय म्हणती गं ही?"

अक्षरानं वाचलं. "म्हणते, वाट लांबची आहे. एकटी निघालीस, की बरोबर कुणी आहे?"

"तिघी हाव म्हनून सांग तिला," धुरपदाबाई म्हणाल्या.

"चौघी," शामलाबाईंनी दुरुस्ती केली, आणि चष्मा वर सरकवून पडद्याजवळ सरकल्या. "आणि ते नीट लिही. मागाहून कुणी नाकारायला नको."